बिब्ब्याचा डाग

माझ्या डाव्या हाताला, मनगटाच्या चार बोटं वर, आतल्या बाजूला दोन गोल खुणा आहेत. करंगळीच्या नखाएवढ्या. तिथली कातडी जराशी खचलेली आणि बाकीपेक्षा चकचकीत आहे. लहानपणी कुणी विचारलं की मी सांगायचे, बिब्बा उतला होता. मला मायनं तसंच सांगितलेलं होतं. मायच्या स्वतःच्या मनगटावरही एक डाग आहे, पण तो काळा आणि ओबडधोबड. मायलेकींचा बिब्बा एकदमच उतला, ही गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगून झाली होती की ती खरी आहे का, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

ज्यांनी बिब्बा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. ते रानातलं एक काळं, टणक फळ असतं. काटा मोडला, पाय मुरगळला, गाठ आली की आमच्याकडच्या बायका बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरतात आणि त्याचं तेल दुखऱ्या जागी लावतात. कुणाला ते मानवतं. ज्याला मानवत नाही त्याची कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात, आणि डाग जन्मभर राहतो. त्याला बिब्बा उतणं म्हणतात.

मला एचआयव्ही आहे. हे वाक्य लिहायला इतकी वर्षं लागली, म्हणून ते डागाच्या आडून आणलं. आता आलंच आहे तर पुढचं सरळ सांगते.

पाण्याचा ग्लास

नवरा जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये होता. तापानं बारीक होत होत गेला. लोकांना आम्ही टीबी सांगितला, आणि टीबी होताच, त्यामुळे ते अगदीच खोटं नव्हतं. तो गेल्यावर थोड्याच दिवसांत माझ्या पाठीवर नागीण उठली. आगीआग व्हायची. नागिणीचं तोंड आणि शेपटी भेटली की माणूस संपतो, असं शेजारणीनं मला अगदी मायेनं ऐकवलं. मी आरशापुढे पाठ करून रोज बघायचे, किती अंतर उरलं आहे ते.

डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. अहवाल घ्यायला गेले तर एका छोट्या खोलीत बसवलं. समोर समुपदेशक ताई होत्या. त्यांनी आधी दार लोटलं आणि मग पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. मला तेव्हाच कळलं. सरकारी दवाखान्यात कुणी उगाच पाणी देत नाही.

त्या काय काय बोलल्या ते मला आठवत नाही. मी एकच विचारलं, "माझा मुलगा?" त्याचीही तपासणी केली. तो सुटला. त्या दिवशी मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले ते आनंदानं की दुःखानं, हे मला आजही सांगता येणार नाही.

माझ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आकडा बघून डॉक्टरांनी चष्मा काढला. म्हणाले, "ताई, या पेशी शरीराची आठवण सांभाळतात. लहानपणी येऊन गेलेले आजार, घेतलेल्या लशी, सगळ्यांची ओळख त्या धरून ठेवतात. त्याच गेल्या की पाटी कोरी होते. म्हणून गोळ्या चुकवायच्या नाहीत."

त्यांचा हेतू चांगला होता. मी गोळ्या कधीच चुकवल्या नाहीत, आणि त्या गोळ्यांनी मला उभं केलं. वजन भरलं, नागीण वाळली, एका बियाणे कंपनीत काम लागलं. पण कोरी पाटी हे दोन शब्द माझ्या आत बसले ते बसलेच. आंघोळ करताना, भाकरी थापताना, मला वाटायचं की हे शरीर माझं आहे खरं, पण त्याला माझ्याबद्दल काही ठाऊक नाही. एखाद्या अनोळखी बाईच्या अंगात राहायला आल्यासारखं वाटायचं.

घास

माय परतूरजवळच्या आमच्या गावी राहते, भावाकडे. तिला मी बीपीच्या गोळ्या सांगितल्या होत्या. माझं बीपी सांभाळायला ती मला मिठाशिवायची भाजी वेगळी काढून द्यायची आणि मी ती मुकाट्यानं गिळायचे. खोटं बोलण्याची शिक्षा अशी अळणी असते.

न सांगण्याचं कारण होतं. पुष्कळ वर्षांपूर्वी गावात एक बाई हा आजार घेऊन माहेरी परतली होती. तिचं ताट वेगळं केलं, पेला वेगळा केला, बाज गोठ्यात टाकली. तिची भावजय लांबूनच ताट सरकवायची. मी तेव्हा लग्न होऊन नुकतीच माहेरपणाला आलेली. त्या गोठ्यावरून शेताकडच्या पाणंदीला जायची वाट होती. माय मला म्हणाली होती, "तिकडून जाऊ नको, लांबून ये." एवढंच म्हणाली. पण ते माझ्या मायनंच म्हटलं होतं.

आमच्याकडे जेवताना माय पहिला घास लेकीला भरवते. मी पन्नाशीची झाले तरी माझ्या मायची ती सवय गेलेली नाही. कालवलेला भात, चुरलेली भाकरी, जे असेल ते आधी माझ्या तोंडात आणि मग तिच्या. मला भीती होती ती त्या घासाची. मरणाची भीती गोळ्यांनी घालवली, पण मायचा हात मध्येच थांबेल ही भीती कशानंच गेली नाही.

माकडाचं दुखणं

गोळ्या घ्यायला मी ज्या सेंटरला जाते तिथे रझियाआपा भेटल्या. माझ्याहून वयानं मोठ्या, पानाचा डबा कायम जवळ, आणि तोंड असं की रांगेतल्या सगळ्या बायका त्यांच्या आजूबाजूला सरकून बसायच्या. बातम्यांत मंकीपॉक्सचं नाव यायला लागलं तेव्हा एक दिवस संभाजीनगरच्या एका मोठ्या दवाखान्यातून एक डॉक्टर मॅडम आल्या. वयानं माझ्या मुलापेक्षा थोड्या मोठ्या असतील. त्या आजाराच्या लशीचा अभ्यास चालला होता आणि त्यांना आमच्यासारखी माणसं हवी होती.

आपा म्हणाल्या, "बीमारी बंदर की और सुई अपने को? पहले बंदरां को देओ ना."

मॅडम हसल्या. मग खुर्ची ओढून आमच्यात बसल्या. म्हणाल्या, "ज्यांची प्रतिकारशक्ती कमी झालेली असते त्यांना हा आजार जास्त त्रास देऊ शकतो. म्हणजे लशीची गरज तुम्हालाच जास्त. पण ती तुमच्या शरीरात नीट काम करते का, किती करते, हे निरोगी माणसाचं रक्त तपासून कळत नाही. त्याचं उत्तर तुमच्याच रक्तात आहे. यायलाच पाहिजे असं नाही. नाही म्हणालात तरी तुमच्या गोळ्यांना, उपचारांना काही फरक पडणार नाही."

एकदा दवाखान्यात माझी सलाईनची सुई काढताना नर्सबाईंनी एकावर एक हातमोजे चढवले होते, आणि कापसाचा बोळा चिमट्यानं उचलला होता. माझ्या रक्ताला लोक भितात हे मी मान्य करून टाकलं होतं. आणि ही मुलगी म्हणत होती की एका प्रश्नाचं उत्तर फक्त माझ्या रक्तात आहे. मी तिथल्या तिथे हो म्हणाले.

"चल बाई," आपा म्हणाल्या, "अपना खून भी किसी के काम का निकला."

पहिल्या खेपेला मॅडमनी एक प्रश्न विचारला. "ही लस जुन्या देवीच्या लशीच्या घराण्यातली आहे. देवी आणि मंकीपॉक्स हे भाऊबंदच. म्हणून लहानपणी ज्यांना देवी टोचल्या होत्या त्यांच्याकडे आम्ही वेगळं बघतो. तुम्हाला टोचल्या होत्या?"

आपांनी बाही वर करून दंडावरचा मोठा वण दाखवला. त्यांचं लगेच झालं. मी म्हणाले, "मला नाही. आमच्या आजीला ते चालत नव्हतं." आणि ते खरंच होतं. गावात देवी टोचणारे आले की आजी पोरंबाळं लपवायची, हे भावकीत हसत हसत सांगितलं जायचं.

मॅडमची नजर माझ्या हाताकडे गेली. "आणि हे?"

"बिब्बा."

त्यांना बिब्बा माहीत नव्हता. मी सांगितलं, आपांनी त्यात भर घातली. मॅडमनी खुणांवरून अंगठा फिरवला, "नक्की?" म्हणून विचारलं, आणि मी सांगितलं की मायच्या हातावरही आहे. मग माझ्या नावापुढे त्यांनी नाही लिहिलं.

सुईआधी रक्त घेतलं, मग सुई दिली. दंडाला सुपारीएवढी गाठ आली, खाज सुटली, एक रात्र कणकण वाटली. आपांनी त्या गाठीवरून मला येताजाता छळलं, शेपूट फुटतंय का बघ म्हणून. पुढे ठरल्याप्रमाणे खेपा झाल्या. जालन्याहून सकाळच्या बसनं जायचं, बाकावर बसायचं, रक्त द्यायचं, समोरच्या टपरीवर चहा प्यायचा आणि परत यायचं. दुखण्याचा दवाखाना मला माहीत होता. पण काही दुखत नसताना, दुसऱ्या कुणासाठी म्हणून जायचा दवाखाना मी पहिल्यांदा बघत होते, आणि खरं सांगू का, मला तिथे जायला आवडायला लागलं होतं.

हाडांच्या आत

अशाच एका खेपेला मॅडमनी मला एकटीला आत बोलावलं. दार लोटलं. मी टेबलावर पाण्याचा ग्लास आहे का ते आधी बघितलं. नव्हता, तेव्हा कुठे बसले.

"ताई, एक गंमत आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या रक्तात सुई देण्याआधीच थोडंसं काहीतरी होतं. देवीच्या लशीची ओळख असावी तसं. आणि सुईनंतर ते फार झपाट्यानं वाढलं. नवीन पाहुणा आला की घरातले विचारत बसतात, कोण, कुठले. ओळखीचा दिसला की धावत पुढे येतात. तुमच्यात तसं झालंय."

मी म्हणाले, "मॅडम, माझी पाटी कोरी आहे. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं."

"बरंच पुसलं गेलं असेल. पण सगळं नाही, असं दिसतंय." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काही पेशी हाडांच्या आत जाऊन बसतात. वर काहीही होवो, त्या वर्षानुवर्षं गुपचूप आपलं काम करत राहतात. एका तपासणीवरून छातीठोक सांगत नाही मी. पण लहानपणी देवी टोचल्या असतील तर हे सगळं जुळतं. आईंना एकदा विचाराल?"

मी बाहेर आले. आपांनी विचारलं काय झालं, तर मी बसकडे बोट दाखवून पुढे चालू लागले. बसमध्ये खिडकीशी बसून मी माझ्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडावरून बोट फिरवत होते. बियाणे कंपनीत मी उगवण खोलीत काम करते. ओल्या कागदाच्या गुंडाळ्या उलगडून कोणतं बी जिवंत आहे ते बघायचं, हेच माझं काम. एकदोन हंगाम जुनं झालं की बी थकतं, हे मला चांगलं माहीत आहे. पन्नास पावसाळे पाहिलेलं बी उगवलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. आणि इथे माझ्याच हाडांत, मी त्याला मेलेलं समजत असताना, उपाशी ठेवलं असताना, नागिणीच्या आगीतून आणि टीबीवाल्या माणसाच्या उशाशी काढलेल्या दिवसांतून, काहीतरी जागं राहिलं होतं. मला माझ्या शरीराची माफी मागावीशी वाटली. मी त्याला किती नावं ठेवली होती.

घरी येऊन मायला फोन लावला. "माय, मला लहानपणी देवी टोचल्या होत्या का गं?"

एकदम तिचा आवाज चढला. "न्हाई! कुणी सांगितलं तुला? बिब्बा उतलाय तो." आणि फोन बंद.

माझी माय फोन कधी आधी ठेवत नाही. तिचे निरोप संपता संपत नाहीत. मी रविवारची गाडी धरली.

परतूर

भाऊ आणि वहिनी कापूस वेचायला गेले होते. माय ओसरीवर तुरी पाखडत बसली होती. मला बघून तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"काहून आलीस गं अशी मधीच?"

मी तिच्यासमोर बसले आणि हात पुढे केला. "माय, खरं सांग. हे बिब्ब्याचं हाय का?"

"फोनवर सांगितलं ना."

"डॉक्टरीण म्हणती बिब्बा न्हाई हा."

आता सूप थांबलं. "तुझ्या हाताचं डॉक्टरणीला काय पडलंय? कोणत्या डॉक्टरणीकडं जाऊन राह्यली तू? काय झालंय तुला?"

पुन्हा बीपी सांगता आलं असतं. जीभ तिकडेच वळत होती. पण मला तिच्याकडून खरं हवं होतं आणि मी तिला खोटं देऊन ते मागत होते. हे मला तिथे बसल्या बसल्या फार लाजिरवाणं वाटलं.

"माय, मला तो आजार हाय," मी म्हणाले. "ह्यांना होता तोच. त्या गोठ्यातल्या बाईला होता, तो. लई वर्षं झाली. गोळ्या बीपीच्या न्हाईत."

मी तिच्या गुडघ्यांकडे बघत होते. ती मागे सरकेल, तर ती सरकायच्या आत आपण उठायचं, असं मी गाडीतच ठरवून ठेवलं होतं. पिशवीही खांद्यावरून उतरवली नव्हती.

ती सरकली नाही. तिनं दोन्ही हातांनी कपाळ बडवून घेतलं. "माझ्यामुळं झालं," ती म्हणाली. "माझ्यामुळं झालं गं बाई. मीच टोचून आणल्तं तुला."

मला आधी काही समजलंच नाही. तिला शांत व्हायला वेळ लागला. पाणी दिलं, पाठ चोळली. मग तिनं सांगायला सुरुवात केली, माझ्याकडे न बघता, सुपातल्या तुरींकडे बघत.

"तू पाळण्यात होतीस. दुष्काळ सरून गेल्ता. गावात टोचणारे येऊन राह्यले होते. तुझी आजी म्हणायची, देवीला टोचलं का ती घर बुडवती. समदे लेकरं लपवायचे, कणगीत, कडब्यात. मलाबी तुला घिऊन गंजीमागं बसवलं. बसले. पण माझा भाऊ देवीनं गेल्ता ना गं. माझ्या मांडीवर गेला. बोट ठेवायला जागा न्हवती त्याच्या अंगावर. मंग बाजाराच्या दिशी तुला पोटाशी बांधलं आन् परतूरला गेले. ठेसनापाशी टोचणारे बसले होते. मीच म्हणलं, माझ्या लेकीला टोचा, जल्दी टोचा, कुणी बघायच्या आत."

"आन् बिब्बा?"

"तुझा हात सुजला की. फोड आले. सासूला काय सांगू? मंग चुलीपाशी बिब्बा तापवला आन् माझ्या हातावर घातला. चांगला उतू दिला. मंग म्हणलं, लेकराच्या हाताला गाठ आल्ती, बिब्बा लावला, दोघींचाबी उतला. लई बोलली सासू. तान्ह्या लेकराला बिब्बा लावती का येडे, म्हणली. बोलू दिलं."

मी तिच्या मनगटाकडे बघितलं. तो काळा डाग मी जन्मापासून बघत आले होते. बिब्बा उतल्यावर किती भगभगतं हे मला माहीत आहे, कामावरच्या एका बाईचा पाय उतला होता तेव्हा ती रात्रभर पाय पाण्यात घालून बसली होती. विशीही न ओलांडलेल्या एका पोरीनं चुलीपाशी बसून स्वतःचा हात भाजून घेतला होता, माझ्या हातावरची खूण लपावी म्हणून. आणि वर सासूच्या शिव्या खाल्ल्या होत्या, येडी म्हणून.

"सासूला फशिवलं," माय म्हणाली, "पण देवीला कोण फशिवणार? तुझा नवरा गेला तवाच मला कळलं. तिनं राग धरला. दरसाल तिच्यापुढं नाक घासून राह्यले मी, पण तिनं काई सोडलं न्हाई. आता हे."

म्हणजे इतकी वर्षं मी माझं दुःख तिच्यापासून लपवत होते आणि ती त्याच दुःखाचा गुन्हा आपल्या माथी घेऊन बसली होती. मला रडू आवरेना. रडतच मी तिला सांगितलं.

"माय, ऐक. तुझ्यामुळं न्हाई झालं. ह्या आजारानं माझं आतलं समदं नेलं. डॉक्टर म्हणले होते, काईच शिल्लक न्हाई. पण तू टोचून आणलेलं त्याला नेता आलं न्हाई."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "म्हंजी?"

"म्हंजी ते अजून हाय. रक्तात सापडलं. हाडात बसून राह्यलं होतं म्हणे."

"इतक्या सालांचं?"

"इतक्या सालांचं."

तिनं माझा हात ओढून मांडीवर घेतला आणि त्या दोन खुणांवर अंगठा दाबून बघितला, आत कुणी आहे का ते चाचपावं तसा. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कधी देवळातही पाहिलेलं नाही. मग तिनं विचारलं, "आता बरी हाईस ना तू?"

"गोळ्या चालू हायेत. बरी हाय."

"कुणाला सांगितलं?"

"कुणालाच न्हाई."

"मीबी न्हवतं सांगितलं कुणाला," माय म्हणाली, आणि आम्ही दोघी, डोळ्यांत पाणी असतानाच, फसकन हसलो.

निघताना ती अंगणापर्यंत आली. म्हणाली, "त्या गोठ्यातल्या बाईपाशी एकदा तरी जाऊन बसायला पाह्यजे होतं गं." ती बाई जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली आहेत.

बघ बाई

पुढच्या खेपेला मॅडमनी विचारायच्या आत मी सांगितलं, "देवी टोचल्या होत्या. मायनं नेलं होतं." बिब्ब्याची सगळी गोष्ट त्यांनी मला दोनदा सांगायला लावली. मग त्यांनी माझ्या नावापुढचं नाही खोडलं आणि हो लिहिलं. आपांना बसमध्ये सांगितलं तेव्हा त्यांनी पान चघळणं थांबवलं. म्हणाल्या, "मैं बोली थी ना, माँ को सब मालूम रहता." त्या असं कधीच बोलल्या नव्हत्या, पण मी वाद घातला नाही.

हे वाचणाऱ्या कुणाला नुकताच तो पाण्याचा ग्लास मिळाला असेल, तर त्यांना मी एवढंच सांगेन. गोळ्या नेमानं घ्या आणि डॉक्टर सांगतील त्या लशी घ्या. माझ्यासारखं प्रत्येकाच्या रक्तात सापडेलच असं नाही, मॅडमनी हे मला बजावून सांगितलं आहे. पण आपल्यात काय उरलंय आणि काय नाही, हे आपलं आपण ठरवून मोकळं होऊ नका. भावाला आम्ही अजून सांगितलेलं नाही. माय म्हणते, सावकाश सांगू, आधी मी त्याच्या तोंडाकडं बघून घेते.

श्रावणातल्या शीतला सप्तमीला आमच्याकडे चूल पेटवत नाहीत. आदल्या दिवशीचं शिळं, थंड तेवढं खायचं. गावाबाहेर लिंबाखाली शीतलादेवीचा, अंगावर देवी आणणाऱ्या आईचा, शेंदूर फासलेला दगड आहे. माय दरसाल तिथे दहीभात घेऊन जाते आणि नाक घासते. मी ते लहानपणापासून बघत आले होते. मला वाटायचं, असतात काही बायका जास्तच भाविक. या वर्षी तिनं मला मुद्दाम बोलावून घेतलं.

तिनं दगडावर पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं, पानावर दहीभात ठेवला. मी वाट बघत उभी होते, आता ती गुडघे टेकेल आणि वाकेल म्हणून. तिचे गुडघे आताशा फार दुखतात, म्हणून धरायला पुढेही झाले. ती वाकली नाही. तिनं माझा डावा हात धरला, उलटा केला आणि त्या दोन खुणा देवीसमोर धरल्या. तिचा स्वतःचा काळा डाग अगदी त्यांच्या शेजारी आला.

"बघ बाई," ती देवीला म्हणाली. "तुला न इचारता टोचून आणलं मी. पर लेक राह्यली माझी."

लिंबाच्या पानांवर थोडा वारा होता. मग ती खाली पारावर बसली, डबा उघडला, उरलेला दहीभात बोटांनी कालवला आणि पहिला घास माझ्या तोंडात घातला. माझा ओठ तिच्या बोटांना लागला. तिनं बोटं पुसली नाहीत. त्याच हातानं पुढचा घास तिनं स्वतःच्या तोंडात घातला.